बाबांची पट्टी रोज सकाळी पिवळी येते. शरीर खरंच ‘ॲसिडिक’ झालंय का?

पाऊलखुणा

प्रश्न जरा विचित्र आहे, पण घरात रोज यावरून वाद होतोय. बाबा ७१ वर्षांचे. तीन महिन्यांपूर्वी एकाने घरी येऊन अल्कलाइन पाण्याच्या मशीनचं प्रात्यक्षिक दाखवलं. दोन पेले, दोन्हींत एकाच बाटलीतले थेंब. आमच्या आरओचं पाणी पिवळं झालं, त्याच्या मशीनचं गडद निळं. “हे पिवळं तुम्ही रोज पोटात घालताय,” म्हणाला आणि बाबा तिथेच गार झाले. मशीन आलं, सोबत लघवी तपासायच्या पट्ट्याही आल्या.

आता रोज उठल्या उठल्या पट्टी, मग वहीत नोंद. ५.५, ५.५, ६, ५.५. साडेनऊ पीएचचं पाणी दिवसाला तीन लिटर पिऊनही सकाळी पिवळीच! “अजून आम्ल निघायचंय” म्हणून परवापासून चौथा लिटर सुरू केलाय. हे ५.५ काळजीचं आहे का?

आणि आईचा वेगळाच प्रश्न: ‘क्षारीय’ पाणी म्हणजे क्षार असलेलं पाणी ना, मग क्षार काढायला आरओ कशाला बसवला? मला उत्तर देता आलं नाही.

निवांत७

आमच्याकडे दोन वर्षं आहे मशीन. सासूबाईंचं पित्त बरंच कमी झालं. शास्त्र मला कळत नाही, अनुभव सांगितला.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागाला जोडलेल्या प्रयोगशाळेत काम करतो. रक्तातले वायू मोजायचं यंत्र रात्री माझ्या ताब्यात असतं. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांबद्दल बोलणार नाही. पण पीएच हा माझा रोजचा आकडा.

आधी आईंचं उत्तर, कारण त्यांनी नेमकं बोट ठेवलंय. शाळेत शिकलो ते आठवा: आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की बनतो तो क्षार. आरओ काढतो ते हे क्षार. विकणाऱ्यांनी ‘अल्कलाइन’चं ‘क्षारीय’ केलं आणि घोळ झाला. त्याला अल्कधर्मी म्हणावं. (शेतीवाले पीएचला ‘सामू’ म्हणतात. मला तो शब्द जास्त आवडतो, पण यंत्राला कोण सांगणार?)

आता बाबांचे ५.५. ही मोजपट्टी १९०९ मध्ये सोरेनसेन या डॅनिश रसायनज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. हो, तेच बीअरवाले. ७ म्हणजे मधोमध, खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. तिच्यात एक घर खाली म्हणजे आम्लता दहापट. रक्त ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतं. ७.४ चं ७.१ झालं की हायड्रोजन आयन (आम्लता ज्यांच्यामुळे येते ते कण) दुप्पट होतात, आणि असा नमुना आला की मी आधी फोन उचलतो, कागद नंतर छापतो. तसा माणूस सकाळी उठून वहीत नोंद करत नसतो. बाबांचं रक्त आम्लधर्मी झालं असतं तर ते तुम्हाला पट्टीशिवाय कळलं असतं.

लघवीचं गणितच निराळं. ती ४.५ पासून ८ पर्यंत कुठेही असू शकते, कारण रक्त जागेवर राहावं म्हणून नको असलेलं तिथे टाकलं जातं. प्रथिनं वगैरे जाळून रोज साधारण ५० ते १०० मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं एकक) असं आम्ल तयार होतं, जे श्वासातून जात नाही. ते मूत्रपिंड बाहेर काढतं. रात्री श्वास थोडा संथ होतो, कार्बन डायऑक्साइड किंचित साठतो (पाण्यात विरघळला की तो आम्लच होतो), म्हणून सकाळची पट्टी पिवळी. केराचा डबा भरलेला दिसला म्हणून घर घाण आहे असं कुणी म्हणतं का? झाडलंय म्हणून भरलाय.

साडेनऊच्या पाण्याचा हिशेब मी एका रात्री काम नसताना मांडला होता. त्या एका लिटरात हायड्रॉक्साइड, म्हणजे आम्ल मारणारे कण, जेमतेम ०.०३ मिलिमोल. जठररसाचा पीएच दीड धरला तर त्याच्या एका लिटरात आम्ल ३० मिलिमोल. म्हणजे लिटरभर पाण्यातला हायड्रॉक्साइड जठररसाचा एक मिलिलिटर मारतो. एक! उलट एक ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यात टाका, पीएच सव्वाआठच्या आसपासच राहील, पण तो १२ मिलिमोल आम्ल गिळतो. (सोडा प्यायला सांगत नाहीये. त्यात सोडियम असतं, या वयात परस्पर असले प्रयोग नकोत.) पीएच किती आणि आम्ल पचवायची ताकद किती, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सगळा गोंधळ इथे आहे. ही ताकद पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून येते (सोड्यातही तेच असतं), आणि ते नळाच्या साध्या पाण्यातही असतं.

त्या पिवळ्या पेल्याचं कारणही हेच. आरओने बायकार्बोनेट काढून टाकलं की पाण्याला टेकू उरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला तरी पीएच घसरतो. स्वच्छ पावसाचं पाणीसुद्धा ५.६ च्या आसपास असतं. बाबांना एक गंमत दाखवा: मशीनच्या पाण्यात तेच थेंब टाका आणि त्या निळ्या पेल्यात स्ट्रॉने दोन-तीन मिनिटं फुंकत राहा. निळा जाऊन हिरवा होईल, मग पिवळ्याकडे झुकेल. (ते पाणी फेकून द्या, पिऊ नका.) आपण दिवसभर जे श्वासातून टाकतो, तेच हे आम्ल. साधारण १५,००० मिलिमोल रोज.

शरीर ‘जास्त अल्कधर्मी’ झालं तर कसं वाटतं तेही सांगतो, कारण असे नमुने माझ्याकडे येतात. घाबरून कुणी भराभर श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच ७.५५. ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडतात, डोकं हलकं. यात कुणालाही ताजंतवानं वाटलेलं मी पाहिलेलं नाही.

चौथा लिटर मात्र थांबवा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा काही त्रास असेल, गोळ्या चालू असतील, तर तीन लिटरबद्दलसुद्धा डॉक्टरांना विचारा.

निवांत७, सासूबाईंना बरं वाटलं असेल, नाही म्हणत नाही. पण मशीन आल्यावर त्या पूर्वीपेक्षा जास्त पाणी पितात का, एवढं एकदा बघा.

काचेतला मासा

माशांचे टँक ठेवणाऱ्यांना हा पीएच आणि ताकदीतला फरक मासे मारून कळतो. मी नवशिका असताना रोज फक्त पीएच मोजायचो. महिनोन् महिने ७.६, छाती फुगलेली. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू तेवढ्या काळात पाण्यातलं बायकार्बोनेट खात होते, ते मी मोजतच नव्हतो. एका शनिवार-रविवारी बाहेर गेलो, परत आलो तर पीएच ६ च्या खाली आणि अकरा मासे तरंगत होते. आमच्याकडे त्या शिलकीला केएच म्हणतात. शिलकीत आहे तोवर पीएच हलत नाही, संपली की एका रात्रीत कोसळतो.

रात्रपाळी

अगदी. रक्तात ती शिल्लक म्हणजे लिटरमागे २४ मिलिमोल बायकार्बोनेट. फरक एवढाच की मूत्रपिंड ती रोज भरत राहतं. टँकला मूत्रपिंड नाही, ते काम तुम्हाला करावं लागतं.

पाऊलखुणा

फुंकायचा प्रयोग केला! बाबा स्वतःच फुंकत होते. हिरवा झाल्यावर पेला नुसता ठेवला आणि चष्मा पुसत बसले. काही बोलले नाहीत. पण आठवडाभर मशीन बंद ठेवायला तयार झाले.

वही मात्र चालूच. आता फक्त सकाळीच नाही, दिवसातून पाच वेळा. आणि त्यांनी एक गोष्ट शोधून काढली आहे, मला मुद्दाम इथे विचारायला लावलंय: मशीनचं पाणी अजिबात न पिता, दुपारच्या जेवणानंतर तासा-दीड तासाने पट्टी हिरवी येते, ७ च्या पुढे. सलग चार दिवस. त्यांचं म्हणणं, पोटात तर जेवताना आम्ल सुटतं, मग लघवी उलट का?

रात्रपाळी

बाबांना माझा नमस्कार सांगा, हे बघायला त्यांनी पट्टी योग्य वेळी लावली. जठराच्या पेशी आम्ल बनवतात तेव्हा हायड्रोजन आयन पोटाच्या पोकळीत ढकलतात आणि तितकंच बायकार्बोनेट मागच्या दाराने रक्तात सोडतात. पोट आम्लधर्मी होत असताना रक्त किंचित दुसऱ्या बाजूला सरकतं आणि मूत्रपिंड ते जास्तीचं बायकार्बोनेट लघवीत टाकतं. याला अल्कधर्मी भरती म्हणता येईल. थोड्या वेळाने स्वादुपिंड आतड्यात बायकार्बोनेट ओततं, तेव्हा ओहोटी. सगळ्यांत ती सारखी दिसत नाही, आणि आम्ल कमी करायची गोळी चालू असेल तर फारशी दिसतच नाही.

पुढचे दोन-तीन दिवस जेवणाआधी एक आणि नंतर दर अर्ध्या तासाने एक पट्टी लावायला सांगा, भरती कधी चढते ते वहीत दिसेल. पट्ट्या संपत आल्या असतील तर एवढ्यासाठी नवीन आणू नका.