पहिला स्कॅनर घेताय? डिजिटलवर पैसे उधळू नका

जर्सीकर (चर्चा प्रस्ताव)

मंडळी, अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर सध्या ‘हातातला रेडिओ स्कॅनर कोणता घेऊ’ हा प्रश्न वरचेवर येतोय. दर वेळी कुणीतरी युनिडेन एसडीएस१०० या डिजिटल स्कॅनरची लिंक चिकटवून मोकळा होतो. सातशे डॉलरच्या घरातला रेडिओ, तोही ज्याने आयुष्यात स्क्वेल्चचा (रिकाम्या चॅनेलची खरखर दाबणाऱ्या बटणाचा) कान पिळलेला नाही अशा माणसाला! माझं मत नेमकं उलट आहे. पहिला स्कॅनर साधा अॅनालॉग घ्या आणि पोलिसांचं बोलणं ऐकायचा नाद सोडा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्कॅनर फक्त ऐकतो, बोलत नाही. भरून ठेवलेल्या फ्रिक्वेन्सींवरून तो भराभर फिरत राहतो आणि जिथे कुणी बोलत असेल तिथे थांबतो.

पोलिसांचा नाद का सोडायचा? डेन्व्हर आणि शिकागोच्या पोलिसांचे चॅनेल आधीच बंद झाले, न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ पासून एन्क्रिप्शन (बाहेरच्याला उलगडणार नाही असं सांकेतिक बोलणं) सुरू केलं. एकदा चॅनेलला कुलूप लागलं की शंभराचा स्कॅनर आणि हजाराचा स्कॅनर सारखेच मुके. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

उघडं काय उरतं? भरपूर. विमानं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, तीही एएमवर. रेल्वे १६० आणि १६१ च्या आसपास. बोटींचं चॅनेल १६ म्हणजे १५६.८. सरकारी हवामान रेडिओ १६२.४ ते १६२.५५. हे सगळं युनिडेन बीसी१२५एटी ऐकवतो. पाचशे चॅनेल, पन्नासचा एक असे दहा कप्पे, दोन पेन्सिल सेल. विषय संपला.

आणि हे उरलंसुरलं नाही बरं का, मजा इथेच आहे. न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळाच्या अप्रोचचं (उतरायला येणाऱ्या विमानांना वाट दाखवायचं) काम जुलै २०२४ पासून फिलाडेल्फियाहून चालतं. २८ एप्रिल २०२५ ला तिथलं रडार आणि रेडिओ दोन्ही साधारण दीड मिनिट गेले. विमानं हवेत, पायलट हाका मारतायत आणि पलीकडून उत्तर नाही! बातम्यांत हे नंतर आलं. हवेत ते साध्या एएमवर उघड्यावर होतं, त्यासाठी डिजिटलचा छदामही लागत नव्हता.

मालगाड्यांचंही तसंच. रुळांच्या बाजूला दर काही मैलांवर गाडीतला बिघाड हेरणारे डिटेक्टर बसवलेले असतात. गाडी पुढे गेली की ते यंत्र स्वतःच रेडिओवर बोलतं: रेल्वेचं नाव, मैलाचा आकडा, ‘नो डिफेक्ट्स’, एकूण अ‍ॅक्सल किती. डब्याला चार आणि बहुतेक इंजिनांना सहा अ‍ॅक्सल धरून गाडी केवढी होती ते घरबसल्या काढता येतं. ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइनचा २०२३ चा मालगाडीचा अपघात तापलेल्या बेअरिंगमुळे झाला. तो ताप मोजणारे डिटेक्टर हेच. तेव्हापासून मी ‘नो डिफेक्ट्स’ जरा कान देऊन ऐकतो.

होऊ द्या चर्चा.

ट्रंकवाला

तीव्र असहमती. जर्सीकरांनी त्यांना जे ऐकायला आवडतं त्यालाच छंद ठरवून टाकलंय. मला विमानांत काडीचा रस नाही. आमच्या गावचं अग्निशमन दल स्वयंसेवकांचं आहे, गल्लीतली पोरं त्यात आहेत. सायरन वाजला की कुठे काय झालं हे मला कळायला हवं असतं. ते सगळं आता ७०० मेगाहर्ट्झवर पी२५ मध्ये (पोलीस-अग्निशमनाच्या डिजिटल रेडिओ पद्धतीत) चालतं आणि अजून उघडं आहे. तुमचा १२५एटी ५१२ च्या वर जातच नाही. म्हणजे माझ्यासाठी तो कागद दाबून ठेवायच्या कामाचा.

दुसरं, ‘एसडीएस१०० महाग’ म्हणताना तो महाग का, हेही सांगा ना. अनेक टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी तेच बोलणं सोडतात, त्याला सायमलकास्ट म्हणतात. दोन टॉवरचा सिग्नल किंचित मागेपुढे पोचतो आणि साध्या डिजिटल स्कॅनरमध्ये त्याची खिचडी होते. शब्द तुटतात, कधी नुसतं गुरगुरणं येतं. मीटरवर सिग्नल मात्र पूर्ण भरलेला, त्यामुळे माणूस अँटेना बदलत बसतो आणि फरक शून्य. २०१८ मध्ये एसडीएस१०० आला तो वेगळ्या धाटणीचा रिसीव्हर घेऊन, याच दुखण्यावर इलाज म्हणून. स्वस्तातला डिजिटल घेऊन फसलेले लोक शेवटी तोच घेतात. दोनदा खर्च करण्यापेक्षा एकदाच करावा.

जर्सीकर

ट्रंकवाले, तुमच्या गावापुरतं मान्य. पण तुम्हाला तुमची सिस्टीम माहीत आहे, विचारणाऱ्याला माहीत नसते. त्याने आधी रेडिओरेफरन्सवर (फ्रिक्वेन्सींची यादी देणाऱ्या वेबसाइटवर) आपली काउंटी म्हणजे जिल्हा काढावा आणि मोडचा रकाना वाचावा. नुसता ‘डी’ किंवा ‘टी’ असेल तर डिजिटल पण उघडं. पुढे ‘ई’ लागला असेल तर कुलूप. ज्या पानावर ओळीने ‘डीई, डीई, डीई’ दिसतं तिथल्या माणसाला सातशे डॉलर घालायला सांगणं म्हणजे त्याच्या खिशाशी दुश्मनी.

डोंगलभाऊ

दोघांचंही चुकतंय 😀 हातातला स्कॅनर हवाच कशाला? चाळीसेक डॉलरचा आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत बसणारा छोटा रेडिओ रिसीव्हर) लॅपटॉपला लावा. २४ पासून १७०० मेगाहर्ट्झच्या वरपर्यंत ऐका. स्कॅनर एका वेळी एकच चॅनेल बघतो. डोंगल दोनेक मेगाहर्ट्झचा पट्टा एकदम पडद्यावर पसरतो. कोण कुठे बोलतंय ते *दिसतं*. ट्रंकिंग (अनेक गटांनी मोजक्या फ्रिक्वेन्सी आलटूनपालटून वापरायची पद्धत) हवं तर दोन डोंगल, एक कंट्रोल चॅनेलवर (कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलणार ते सांगणाऱ्या) आणि एक बोलण्यावर. सॉफ्टवेअर फुकट. स्कॅनर कंपन्या बटणांचे पैसे घेतात.

ट्रंकवाला

आणि ड्रायव्हर बसवण्यात शनिवार-रविवार जातो त्याचे पैसे कोण देणार? हॉटेलाबाहेर, फलाटावर, समुद्रकिनारी लॅपटॉप उघडून वायरींचं जाळं मांडून बसा मग. लोक पोलीस बोलावतील, आणि ते पोलीस तुम्हाला ऐकूही येणार नाहीत.

खडूस

अवांतर: तुम्हा सगळ्यांना स्वतःच्या बायकोचं बोलणं इतकं कान देऊन ऐकता येतं का?

सुलभाताई

खडूस, हलकं घेतलं. पण मला गंभीरपणे लिहायचंय. मी इथे इमर्जन्सीत नर्स आहे. अ‍ॅम्ब्युलन्सवरून आम्हाला जे कळवतात ते मी रोज ऐकते: वय, बाई की पुरुष, छातीत दुखतंय की गोळ्या खाल्ल्यात, काही वेळा घराचा पत्तासुद्धा. ट्रंकवाले म्हणतात ‘गल्लीत काय झालं ते कळायला हवं’. का कळायला हवं? ज्या माणसाचं झालंय त्याला विचारलंत का? शेजारणीने गोळ्या खाल्ल्या हे तुम्हाला तिच्या नवऱ्याच्या आधी कळावं, हा कसला छंद? आमच्याकडे याला भोचकपणा म्हणायचे. एन्क्रिप्शन झालं ते उत्तम झालं, निदान अ‍ॅम्ब्युलन्सचं तरी.

बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटानंतर २०१३ मध्ये काय झालं ते आठवा. घरबसल्या लोक पोलिसांचा रेडिओ ऐकत होते आणि ‘स्कॅनरवर नाव आलं’ म्हणून भलत्याच माणसाचं नाव जगभर फिरलं. त्या घरच्यांनी काय भोगलं असेल!

ट्रंकवाला

ताई, ऐकणं वेगळं आणि पसरवणं वेगळं. मी ऐकलेलं फेसबुकवर टाकत नाही.

सुलभाताई

तुम्ही टाकत नाही. पण विकत घेताना तशी शपथ कुणी घालतं का?

बातमीदार

ताईंशी निम्मा सहमत, आणि उरलेल्या निम्म्यावर भांडणार. अ‍ॅम्ब्युलन्सचं वैद्यकीय बोलणं झाकायला हवं, वादच नाही. पण पोलिसांचं सरसकट झाकलं की घटनास्थळी पहिल्यांदा पोचणारा बातमीदार किंवा फोटोग्राफर पोचतच नाही. मग घडलं काय, ते पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातून कळणार. न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रवाले ओरडतायत ते छंदासाठी नव्हे.

आणि ‘लोक ऐकतात’ ही भीती नवी नाही. डिसेंबर १९९६ मध्ये फ्लोरिडातल्या एका जोडप्याने स्कॅनरवर अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे तेव्हाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांचा सेलफोनवरचा कॉल टेप केला, तो वर्तमानपत्रात छापून आला आणि जोडप्याला दंड झाला. त्याच्या आधीच, १९९४ पासून, अमेरिकेत नव्या स्कॅनरमधून सेलफोनचे पट्टे काढून टाकायची सक्ती झाली होती. म्हणजे काय झाकायचं आणि काय उघडं ठेवायचं याची रेघ कायद्याला ओढता येते. पोलिसांसाठी ती ओढायचा कंटाळा केला जातोय, एवढंच माझं म्हणणं.

जर्सीकर

म्हणूनच म्हणतो, विमानं ऐका. पायलटला कुणी ऐकतंय याचं काही वाटत नाही.

लंडनवासी

जर्सीकर, तेही तुमच्याकडे. आमच्याकडे स्कॅनर बाळगायला हरकत नाही, पण २००६ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याप्रमाणे आपल्यासाठी नसलेला संदेश ऐकणं गुन्हा आहे, त्यात विमानांचंही बोलणं आलं. हीथ्रोच्या कुंपणाशी लोक खुशाल कानाला लावून उभे असतात आणि कुणी हटकत नाही, तो भाग वेगळा. पण धाग्यात ‘विमानं म्हणजे निर्धोक’ असं छातीठोक लिहू नका.

सदाशिवपेठी

हे सगळं वाचून हात शिवशिवायला लागले. मेव्हणा डिसेंबरात अमेरिकेहून येतोय. त्याला एक १२५एटी बॅगेत टाकून आणायला सांगू का? लोहगाव विमानतळ घरापासून लांब नाही, गच्चीवरून ऐकता येईल.

व्हीयू३वाला

अजिबात आणू नका. लोहगाव हवाई दलाचं आहे, नागरी विमानं तिथे पाहुणी. त्या बोलण्याला गच्चीवरून कान लावायचा, तोही परवाना नसलेल्या सेटवर? पोलीस चौकशीला आले तर ‘हौस हो साहेब’ हे उत्तर फार चालत नाही. २०१० मध्ये दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात दोन ब्रिटिश हौशी स्कॅनरसकट सापडले. ते विमानांची नोंद ठेवणारे निरुपद्रवी लोक होते, तरी सुटकेआधी अटक, मग कित्येक आठवडे देशात अडकून पडणं आणि दंड एवढं सगळं झालं.

आपल्याकडे १९३३ च्या कायद्यापासून परवान्याशिवाय वायरलेस उपकरण *बाळगणं* हाच मुद्दा आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याचाही रोख तोच. २०२५ मध्ये तर ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बिनपरवाना वॉकीटॉकींसाठी केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. चिनी हँडसेट हजार-दोन हजारात मिळतो म्हणून तो कायदेशीर होत नाही.

हौस असेल तर हॅमची (परवाना घेऊन करायच्या हौशी रेडिओची) परीक्षा द्या. रिस्ट्रिक्टेड ग्रेड अभ्यास केला तर अवघड नाही, व्हीयू३ ने सुरू होणारं कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखनाव) मिळतं आणि ऐकण्याबरोबर बोलताही येतं. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकातून हॅम रेडिओवर बोलले. स्थानकाचा आवाज १४५.८०० वर खाली येतो, साध्या हँडसेटवरही. स्थानक येताना फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झ वर सरकते आणि जाताना तेवढीच खाली, त्यामुळे कडेला आवाज जरा फाटका लागतो. डोक्यावरून जातं तेव्हा एकदम स्वच्छ.

सदाशिवपेठी

म्हणजे मेव्हण्याला बदामच आणायला सांगतो. परीक्षेचं बघतो. पण पटलं नाही हो. एफएम ऐकलेला चालतो आणि विमान ऐकलेलं नाही? लहर ती लहरच!

व्हीयू३वाला

एफएम तुमच्यासाठीच सोडलेलं असतं, विमानतळाच्या कंट्रोल टॉवरचं बोलणं नाही. पटायची गरज नाही, पाळलं तरी पुरे.

ट्रंकवाला

मूळ मुद्द्यावर या. जर्सीकर, तुमच्या सल्ल्यात अजून एक भोक आहे. नवशिक्या १२५एटी घेणार, सोबतच्या ठेंगण्या रबरी अँटेनावर घरात बसून ऐकणार, नेवार्कचा टॉवर काही येणार नाही आणि तो म्हणणार ‘स्वस्तात घेतलं म्हणून’.

जर्सीकर

टॉवर जमिनीवर आहे, मधे घरं-टेकड्या आल्या की तो ऐकू येत नाहीच, सातशेवाल्यावरही नाही. वर उडणारं विमान मात्र शंभर मैलांवरून येतं. त्यामुळे घरातून संभाषणाची एकच बाजू ऐकू येते, हे आधीच सांगायला हवं हे बरोबर. दोन्ही बाजू हव्या तर विमानतळाच्या जवळ जा. आणि वीस-पंचवीस डॉलरची बीएनसी जोडाची टेलिस्कोपिक (ओढून लांब करता येणारी) अँटेना घ्या: विमानांसाठी साधारण ६० सेंटिमीटर उघडा, रेल्वेसाठी ४७ वर आणा. खिडकीशी उभे राहा, फोनच्या चार्जरपासून लांब. चार्जरची घरघर एएमवर फार येते.

ट्रंकवाला

६० सेंटिमीटरची काठी घेऊन गाडीत बसणार?

जर्सीकर

गाडीत स्कॅनर नकोच. निदान हडसन ओलांडून न्यूयॉर्कला जाणार असाल तर घरी ठेवा. तिथे पोलिसांची फ्रिक्वेन्सी घेऊ शकणारा रिसीव्हर गाडीत बसवायला परवानगी लागते, हॅमवाल्यांना तेवढी सूट आहे. ‘मी फक्त विमानं ऐकतो’ हे रस्त्याच्या कडेला उभं राहून कुणाला समजावत बसणार?

ट्रंकवाला

हे बाकी खरं. पण माझा एसडीएस मी विकत नाही.