नवीन टॅंक, पाणी सारखं दुधाळ होतंय आणि गोल्डफिश वर येऊन धापा टाकतायत, काय करू?

मुग्धा_पुणे
नमस्कार मंडळी. लेकाच्या हट्टापायी दोन फुटी टॅंक आणलाय (२४ x १२ x १२ इंच), दुकानदाराने त्याच दिवशी चार गोल्डफिश, दोन एंजल आणि "काच साफ ठेवायला" एक सकर दिला. पाणी भरा, हायपोचे (क्लोरीन मारायच्या औषधाचे) थेंब टाका, मासे सोडा, एवढंच सांगितलं. पहिले काही दिवस एकदम मस्त, मग पाणी पांढुरकं व्हायला लागलं म्हणून मी सगळं पाणी काढून खडे, झाडं, फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून चोळून धुतला आणि नवीन पाणी भरलं. दोन दिवसांत परत जैसे थे. काल एक एंजल गेला. गोल्डफिश सकाळी बघावं तर वरती तोंड काढून उघडझाप करत असतात, एकाचे कल्ले लाल दिसतायत. दुकानदार म्हणतोय निळं औषध टाका. टाकू का? आमच्या सोसायटीत कॉर्पोरेशनचं आणि टॅंकरचं पाणी एकाच टाकीत येतं. फिल्टर रात्री बंद असतो, घुरघुर आवाजाने झोप लागत नाही. लेक रडून रडून हैराण आहे, प्लीज लवकर सांगा.

काचेपलीकडे
निळं औषध आजिबात नको. ते मिथिलीन ब्लू, बुरशीबिरशीवर ठीक आहे पण इथे रोग दिसत नाहीये, आणि त्याने फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया पण जातात. तुमचा प्रॉब्लेम बहुतेक अमोनियाचा आहे. मासे सू शी करतात, कल्ल्यांतून पण अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजतं त्याचाही होतो. जुन्या टॅंकमध्ये एका प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बरंच सोसतं माशांना. हे बॅक्टेरिया राहतात कुठे तर मुख्यतः स्पंजवर आणि खड्यांवर, पाण्यात फारसे नाही. ते पुरेसे वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात आणि तुम्ही जे थोडेफार जमले होते ते क्लोरीनच्या पाण्याखाली धुऊन टाकले, म्हणून दर वेळी श्रीगणेशा. पांढुरकेपणाचं टेन्शन घेऊ नका, ते वेगळेच बॅक्टेरिया पाण्यात फोफावतात म्हणून दिसतं, आपोआप जातं. विष आहे ते दिसत नाही, काचेसारख्या स्वच्छ पाण्यात पण मासे मरतात.

आणि फिल्टर रात्री बंद??? तो २४ तास चालू हवा. बंद केला की हवा कमी पडते, स्पंजमधल्या बॅक्टेरियांना पण ऑक्सिजन लागतोच. मोटरखाली जाड फोम किंवा जुना माउसपॅड ठेवा, निम्मा आवाज जातो.

आज अमोनिया, नायट्राइट आणि पीएचचं थेंबवालं टेस्ट किट आणा आणि आकडे टाका इथे. पट्ट्या नको, बऱ्याच पट्ट्यांवर अमोनिया नसतोच.

वाडीवरचा_दाजी
एवढं काय सायन्स लावताय राव. आमच्या आज्जाच्या वाड्यात हौदात मासे होते, ना फिल्टर ना टेस्ट, मूठभर खडेमीठ टाकायचं बास. ताई सगळं पाणी बदला आणि मीठ टाका.

काचेपलीकडे
दाजी, हौदात पाणी किती असेल, हजारो लिटर, तळाला गाळ, भिंतीला शेवाळ, डास पडतात ते खायला, मासे चार. यांच्याकडे जेमतेम ५० लिटर आणि त्यात सात मासे होते. तुमच्या आज्जाच्या हौदात बॅक्टेरिया होतेच, फक्त कोणी त्यांचं नाव काढत नव्हतं. मीठ मात्र पूर्ण चूक नाही हां, नायट्राइट वाढलं की थोडं मीठ कामाला येतं, त्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट माशाच्या रक्तात कमी जातं. पण अमोनियावर मिठाचा उपयोग शून्य.

मुग्धा_पुणे
किट आणलं, बरंच महाग आहे हो 😐 अमोनिया २, नायट्राइट ०, पीएच ८.२ च्या आसपास, रंग जुळवताना नवऱ्याचं आणि माझं भांडण झालं. मी मुद्दाम नळाचं पाणी पण तपासलं, त्यात अमोनिया ०. पीएच कमी करायचं लिक्विड मिळतं ते आणू का?

बावधनचा_गप्पी
मी पण पुण्यातलाच, म्हणून लिहितो. टॅंकरचं पाणी बहुतेक बोअरचं असतं, जड असतं, त्यामुळे पीएच वर असणारच. ते लिक्विड नका आणू, अशा पाण्यात पीएच खाली येतो आणि परत वर जातो, त्या झोक्यांनी मासे जास्त खचतात. गोल्डफिशला जड पाणी चालतं. पण एक लक्षात घ्या, तोच अमोनिया ७ पीएचला जेवढा घातक त्याच्या जवळपास दहापट ८ ला असतो, म्हणून तुमचे २ म्हणजे खरंच जास्त आहेत.

आज ४० ते ५० टक्के पाणी बदला, उद्या परत तेवढंच, मग आकडे बघून रोज थोडं थोडं. सगळं एकदम नाही. पाणी बादलीत काढून हायपो बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाका, हात लावून दोन्ही पाणी सारखंच कोमट-गार वाटलं की ओता. हायपो क्लोरीन मारतो, अमोनिया नाही, हे दुकानदार सांगत नाहीत. सोसायटीची टाकी धुतली असेल त्या आठवड्यात डबल सांभाळा, ब्लीचिंग पावडर टाकतात. खाणं दोन दिवस पूर्ण बंद, लेकाला सांगा उपास आहे. नंतर चिमूटभर, मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढंच. स्पंज धुवायचाच झाला तर टॅंकमधून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, नळ नाही, आणि तोही महिन्याभराने.

सगळ्यात फास्ट उपाय म्हणजे कुणाच्यातरी जुन्या, निरोगी टॅंकमधल्या स्पंजचा तुकडा आणून तुमच्या फिल्टरमध्ये कोंबणे. दुकानातून नको, रोग येतात. मेसेज करा, माझा एक निम्मा कापून देतो, ओल्या पिशवीत घेऊन जा, वाटेत सुकू देऊ नका.

मुग्धा_पुणे
स्पंज लावून आठवडा होत आला. अमोनिया ०.२५ वर आलाय, नायट्राइट दिसायला लागलंय ०.५, थोडं मीठ टाकलंय. गोल्डफिश खाली फिरतायत, कल्ल्यांचा लालपणा गेला. फिल्टर रात्रभर चालू असतो, आता नवरा म्हणतो त्याशिवाय झोप येत नाही. एंजल आणि सकरचं काय करू?

काचेपलीकडे
नायट्राइट दिसतंय म्हणजे गाडी रुळावर आली, अजून दोनेक आठवडे टेस्ट करत राहा. एंजल परत करा, त्यांना २६-२८ डिग्री लागतं, गोल्डफिशला गार आवडतं, आणि मोठा एंजल गप्प पण बसत नाही. चार गोल्डफिशसुद्धा दोन फुटात फार होतात, दोन ठेवा. सकर फुटाच्या वर वाढतो, गोल्डफिशच्या अंगाला चिकटतो आणि शी तर विचारूच नका. परत घेत नसतील तरी नदीत किंवा तळ्यात सोडू नका, उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात हे मासे येतात आणि काट्यांनी जाळी फाटते.

मुग्धा_पुणे
एंजल आणि सकर घेतो म्हणालाय, पैसे देणार नाही, त्याबदल्यात खाण्याचा अर्धा किलोचा डबा देतो म्हणतो.

बावधनचा_गप्पी
अर्धा किलो दोन गोल्डफिशना?? १०० ग्रॅमचं पाकीट मागा आणि बाकीच्या बदल्यात जाड एअरस्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) घ्या. डबा आणलात तर लेकाच्या हाताला लागेल असा ठेवू नका.