मदत हवी आहे : पेशवे दफ्तरात (जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात) आपल्या गावाचे कागद कसे शोधायचे?

नमस्कार मंडळी,
आमचं मूळ गाव वाई तालुक्यात. आजीच्या ट्रंकेत मोडी लिपीतला एक कागद सापडला. मोडी जाणणाऱ्या एका काकांनी वाचून सांगितलं, की तो इनाम जमिनीच्या चौकशीचा आहे, फसली सन (जुनं महसुली वर्ष) १२६३ चा. म्हणजे इसवी १८५३-५४. इनाम जमिनींच्या हक्कांची चौकशी करणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनचा कायदा १८५२ चा, त्यामुळे काळ नेमका जुळतो. कागदावर खापरपणजोबांच्या वडिलांचं नाव आहे. ते ऐकल्यापासून झोप नाही!

नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वहीत त्यांच्या पुढच्या तीन पिढ्या मिळाल्या. मागचं काहीच नाही. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड वाचनालयात चाळले, पण त्यांत निवडक आणि बहुतेक राजकारणाचेच कागद. साध्या कुळाचा माग मूळ रुमालांतच (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत) लागेल असं वाटतं.

हे दफ्तर जिथे ठेवलंय त्या पुणे पुराभिलेखागारात कुणी काम केलंय का? गावाच्या नावावरून रुमाल सापडतो, की परगणा (तेव्हाचा महसुली विभाग) माहीत असावा लागतो? अर्जासोबत काय जोडावं? आणि शिकस्त (घाईने लिहिलेली, वाचायला अवघड) मोडी वाचून देणारं कुणी साताऱ्याकडे आहे का? आजी ८८ वर्षांची आहे, तिला हे सगळं वाचून दाखवायचंय.