मदत हवी आहे: हेड बोल्ट एकच बदलू की दहाही?

चार सिलिंडरच्या इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) दहा बोल्टांनी ब्लॉकवर बसवायचंय. मॅन्युअलप्रमाणे मधल्या बोल्टपासून बाहेर, आधी ४० न्यूटन मीटरने आवळायचे, मग ९० अंश फिरवायचे, पुन्हा ९० अंश. नऊ बोल्टांची लांबी मर्यादेत आहे. एकाची मान आट्यांपाशी बारीक झालीय, व्हर्नियरवर ०.३ मिमी फरक, नखालाही खाच लागते. तो बादच. पण जुन्या ताणलेल्यांत एकच नवा लावला तर दाब असमान पडून गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गळेल ना?

ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांतलं तेल हवेने काढलंय, नाहीतर बोल्टखाली ते दाबलं जाऊन ब्लॉकच तडकायचा. आट्यांना आणि बोल्टच्या डोक्याखाली ऑइलचा हलका हात द्यायचा की कोरडेच? मॅन्युअलमध्ये उल्लेख नाही. आणि शेवटच्या ९० अंशांत पाना अचानक हलका फिरला, तर बोल्ट तिथेच काढायचा का?