पॉडकास्टमधील सौरऊर्जेच्या बातम्या आणि आमचे छप्पर: थांबावे की आताच पॅनेल बसवावेत?

कुळागरकर (फोंडा)

नमस्कार मंडळी. फोंड्याहून पणजीला कदंब बसने ये-जा करताना गेले वर्षभर मी ऊर्जाविषयक पॉडकास्ट नेमाने ऐकत आहे. त्यांत डेव्हिड रॉबर्ट्स यांचे ‘व्होल्ट्स’ आणि भारतातील घडामोडींवरील ‘द इंडिया एनर्जी अवर’ ही दोन माझ्या विशेष आवडीची आहेत. त्यांनी माझी समज वाढवली, पण एक निर्णय मात्र अडवून ठेवला आहे.

आमच्या घराचा पुढचा भाग कौलारू असून मागे स्लॅब आहे. त्या स्लॅबवर ३ किलोवॉटची यंत्रणा बसवावी आणि पंतप्रधान सूर्यघर योजनेतून मिळणाऱ्या ७८,००० रुपयांच्या अनुदानाचा लाभ घ्यावा, असे घरात ठरत आले होते. एवढ्यात कानावर आले की सिलिकॉनवर पेरोव्स्काइट या नव्या पदार्थाचा थर चढवलेल्या टँडेम (दोन थरांच्या) सेलने ३४ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता गाठली आहे, म्हणजे पडणाऱ्या उन्हातील तेवढ्या ऊर्जेची वीज होते. विक्रेता मला दाखवतो ती पॅनेल २१-२२ टक्क्यांची आहेत. शिवाय सोडियमच्या बॅटऱ्या येऊ घातल्या आहेत आणि लिथियमच्या बॅटऱ्यांचे दर उतरत आहेत. वडिलांचे म्हणणे आहे की पावसाळ्यापूर्वी काम उरकावे, तर धाकटा भाऊ दोन वर्षे थांबा म्हणतो. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सौरसेवक (डिचोली)

आपण ऐकलेला आकडा खरा आहे. चीनमधील लोंगी कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये ३३.९ टक्के आणि जून २०२४ मध्ये ३४.६ टक्के कार्यक्षमता जाहीर केली, पण ती प्रयोगशाळेतील लहानशा सेलची होती. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये टँडेम पॅनेलची पहिली व्यापारी खेप अमेरिकेतील ग्राहकाकडे रवाना केली, तेव्हा त्या पूर्ण पॅनेलची कार्यक्षमता २४.५ टक्के होती. एकटा सेल आणि अनेक सेल जोडून केलेले पॅनेल यांच्यातील हे अंतर मुलाखतीच्या ओघात हरवते, म्हणून कोणताही आकडा ऐकला की तो सेलचा आहे, पॅनेलचा आहे की बाजारात मिळणाऱ्या मालाचा आहे, हे आधी तपासावे. पेरोव्स्काइटची दुसरी अडचण म्हणजे ओलावा. जिथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जूनपासून भिंतींना बुरशी धरते, त्या आपल्या गोव्यात हे पॅनेल पंचवीस वर्षे टिकेल, असा अनुभव अजून कोणाच्याच गाठीशी नाही.

पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे, की कार्यक्षमतेला जागा अपुरी असते तेव्हाच किंमत असते. साधारण ५४० वॉटची सहा पॅनेल लावली की ३ किलोवॉट भरतात आणि त्यांचे निव्वळ क्षेत्रफळ सोळा चौरस मीटरच्या आसपास असते. आपल्या स्लॅबवर ती मावत असतील, तर अधिक कार्यक्षम पॅनेलने आपली वीज वाढणार नाही, फक्त थोडी जागा मोकळी राहील. वाट पाहण्याची किंमत मात्र निश्चित मोजता येते. आपल्याकडे १ किलोवॉटमागे वर्षाला ढोबळमानाने १,३०० ते १,५०० युनिट मिळतात, म्हणजे दोन वर्षे थांबलात तर आठ हजारांच्या आसपास युनिट हातचे जातील. कुळागरातील (घरालगतच्या बागायतीतील) माडांची सावली दुपारी स्लॅबवर येत नाही ना, एवढे मात्र पॅनेल घेण्यापूर्वी पाहून घ्या, कारण एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडलेली सावलीही त्या सबंध रांगेचे उत्पादन खाली आणू शकते.

पॅनेल निवडताना टॉपकॉन या सिलिकॉन पॅनेलच्या नव्या प्रकारातील घ्यावीत, असे मी सुचवीन. पॅनेलचे वॉट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात, पण एप्रिलच्या दुपारी स्लॅबवर तापलेले पॅनेल सहज ६० अंशांपर्यंत जाते. जुन्या पर्क प्रकारात दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के घट धरली, तर त्या वेळी १२ टक्के वीज कमी होते. टॉपकॉनमध्ये हीच घट अंशाला ०.३० टक्क्यांच्या आसपास राहते.

तेरेखोलकाठ (पेडणे)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण बॅटरीचा प्रश्न त्यात राहून गेला आहे आणि आमच्या घरी नेमकी तीच ठेच लागली. आम्ही यंत्रणा बसवली तेव्हा बसवणाऱ्याने एक साधी गोष्ट सांगितलीच नाही: ग्रिडला (वीज खात्याच्या जाळ्याला) जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र, वीज गेली की स्वतःही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या लाईनमनला खालून झटका बसू नये यासाठी ही व्यवस्था असते आणि ती योग्यच आहे. परंतु जुलैमध्ये झाड तारेवर पडून दीड दिवस वीज नव्हती, तेव्हा छपरावर सहा पॅनेल असूनही आई अंधारात बसली होती. ते आठवले की आजही वाईट वाटते. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत त्यांनी सुरुवातीलाच हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा, म्हणजे बॅटरी पुढे केव्हाही जोडता येते आणि वीज गेली तरी तिच्यावर घर चालते.

बॅटरीच्या दरांबाबतही सावध असावे. ब्लूमबर्गएनईएफ या ऊर्जा-संशोधन संस्थेने २०२४ साठी लिथियम बॅटरी पॅकची सरासरी किंमत प्रति किलोवॉट-तास ११५ डॉलर सांगितली होती. ती जगभरातील पॅकची सरासरी आहे, आणि आपल्या हाती येणाऱ्या कोटेशनमध्ये कर, वाहतूक, इन्व्हर्टर, पेटी आणि विक्रेत्याचा वाटा मिळवलेला असतो. सोडियमची बॅटरी तेवढ्याच विजेसाठी जड असते, पण घराच्या भिंतीलगत ठेवायच्या वस्तूला वजनाची फारशी अडचण नाही, म्हणून ती घरांसाठी उपयोगी ठरेल असे मला मनापासून वाटते. मात्र तिच्यासाठी आज पॅनेल अडवून ठेवू नयेत.

किनारपट्टीच्या लोकांनी आणखी एक काळजी घ्यावी. खाऱ्या वाऱ्याच्या चाचणीसाठी आयईसी ६१७०१ हे मानक आहे. पॅनेलच्या कागदपत्रांत ते नमूद आहे का, हे विचारावे. आमचे साधे नटबोल्ट दोन पावसाळ्यांत गंजले.

वाळपईचा वाचक (सत्तरी)

मला या चर्चेत एक वेगळी भर घालावीशी वाटते. जून २०२५ अखेर भारताच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मा वाटा बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून इतर) स्रोतांचा झाल्याचे जाहीर झाले, २०३० च्या लक्ष्याच्या पाच वर्षे आधी. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ती क्षमता आहे, प्रत्यक्ष निर्माण झालेली वीज नव्हे. निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही निम्म्याहून बराच अधिक आहे. पॉडकास्ट ऐकताना मेगावॉट आणि मेगावॉट-तास यांत आपला असाच गोंधळ होतो. कुळागराच्या भाषेत सांगायचे तर पंप किती अश्वशक्तीचा आहे ही एक गोष्ट आणि दिवसभरात टाकीत किती पाणी पडले ही दुसरी.

गोव्यासाठी हा भेद केवळ पुस्तकी नाही, कारण आपली जवळजवळ सर्व वीज राज्याबाहेरून येते. मोले येथील वनातून नेण्याच्या ४०० केव्ही (किलोव्होल्ट) उच्चदाब वीजवाहिनीविरुद्ध किती मोठे आंदोलन झाले, हे आपण पाहिले आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अस्तित्वात असलेल्या २२० केव्ही वाहिनीच्या मार्गानेच नेण्याची, आपणच नेमलेल्या समितीची शिफारस स्वीकारली. छपरावरील पॅनेल दुपारची गरज भागवतात, पण संध्याकाळी सातला दिवे, पंखे आणि एसी एकदम सुरू होतात तेव्हा बाहेरून येणाऱ्या विजेवाचून चालत नाही. म्हणून घराघरांतील बॅटरीला मी केवळ कुटुंबाची सोय मानत नाही. त्या पुरेशा संख्येने बसल्या, तर संध्याकाळचा भार हलका होऊन जंगलातून आणखी तारा ओढण्याची निकड कमी होईल.

कुळागरकर (फोंडा)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना ही चर्चा वाचून दाखवली. एक शंका उरली आहे: नेट मीटरच्या (ग्रिडला दिलेली आणि ग्रिडकडून घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरच्या) मंजुरीत महिने जातात असे ऐकतो, ते खरे आहे का?

सौरसेवक (डिचोली)

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली असून, १० किलोवॉटपर्यंतचे अर्ज तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासाविना स्वीकृत मानावेत असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे पूर्वीचा मोठा अडथळा दूर झाला आहे. तरीही वीज खात्याकडील मंजूर भार (घराला किती किलोवॉटची मंजुरी आहे तो आकडा) आधी तपासा, अर्जावरचे नाव आणि वीजबिलावरचे नाव एकच आहे याची खात्री करा. जुन्या घरांत बिल बहुधा आजोबांच्या नावावर असते आणि काम तिथेच अडते. तसे असेल, तर नावबदलाचा अर्ज याच आठवड्यात द्या.