वणवा आणि काजूच्या बागा

काही जण म्हणतात की वणवे गावकरीच लावतात, त्यांना जंगलापासून लांब ठेवा. निष्काळजीपणा होतो, हे मान्य. पण लांब ठेवून आग विझत नाही. मार्च २०२३ मध्ये गोव्यातलं म्हादई अभयारण्य पेटलं तेव्हा नौदलाची, हवाई दलाची हेलिकॉप्टरं वरून पाणी ओतत होती. तरी डोंगरात जाळ झोडपायला शेवटी माणसंच लागली.

तिथल्याच सत्तरी तालुक्यात आमचे मामा काजूच्या हंगामाआधी बागेच्या कडेने चार हात रुंद पट्टा खराट्याने झाडतात, नुसती माती दिसेपर्यंत. पाचोळ्याचे ढीग पहाटे, दव असतानाच पेटवायचे आणि राख गार होईपर्यंत तिथून हलायचं नाही. कुठल्या घळीतून वारा कधी वर चढतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे केलेले असे पट्टे, आखताना वनखात्याने अशा माणसांना सोबत घ्यावं, आणि तेही जानेवारीतच.