सलूनमध्ये शिकाऊ उमेदवार: पोर्टलवरून करार परत आला, मदत हवी आहे

रेशीमगाठ
शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर करार भरला होता, हरकत लावून परत पाठवलाय. शिकायला येणारी मुलगी सोमवारपासून येणार आहे. काय चुकलं असेल? प्लीज लवकर सांगा.

वाटाड्या
सलूनमध्ये माणसं किती? मुलीचं वय? पैशांबद्दल करारात नेमकं काय लिहिलंय?

सातबारा
40 च्या आत माणसं असतील तर उमेदवार घ्यायची सक्तीच नाही. कशाला त्या भानगडीत पडता?

वाटाड्या
40 ची अट 2019 च्या आधीची. आता 30 पासून सक्ती, 4 ते 29 ऐच्छिक. आणि त्यांना उमेदवार घ्यायचाच आहे, सक्तीचं त्यांनी विचारलंच नाही.

रेशीमगाठ
एकूण सात जण. मुलगी दहावी पास, 17 ची. असिस्टंट हेअर ड्रेसर, ऑप्शनल ट्रेड (सरकारच्या ठरावीक यादीबाहेरचा). विद्यावेतन अधिक दर हेअरकटमागे 20 टक्के. सही तिने स्वतः केलीय.

वाटाड्या
मग दोन्ही दोष इथेच आहेत. 18 च्या आतल्या उमेदवाराचा करार पालकाने करायचा असतो. आणि शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961, कलम 13 प्रमाणे नगावर, म्हणजे दर कामामागे, मोबदला देता येत नाही, प्रोत्साहन योजनेतही घेता येत नाही. 20 टक्क्यांची ओळ काढा.

कात्रीवाला
हे कागदावर ठीक आहे. कमिशनशिवाय पोरं टिकत नाहीत, शेजारचं सलून लगेच उचलतं. या धंद्यात सगळे देतात.

वाटाड्या
कारागिराला खुशाल द्या. शिकणाऱ्या मुलीला नगावर पैसे दिले की ती झटपट होणारे ट्रिमच घेत बसते. सेक्शनिंग (केसांचे भाग पाडणं), कटचा कोन, रंगाचं प्रमाण हे सगळं वेळखाऊ, ते मागे पडतं. टिकवायची असेल तर विद्यावेतन किमान दरापेक्षा जास्त द्या, त्याला मनाई नाही.

काळी_मैना
त्यापेक्षा तिला आयटीआयला कॉस्मेटॉलॉजी करू दे. एका वर्षाचा कोर्स आहे. आणि हेअर कलरच्या 48 तास आधी कानामागे पॅच टेस्ट (ॲलर्जीची चाचणी) करायला पहिल्या दिवसापासून शिकवा, हे कोणी शिकवतच नाही.

रेशीमगाठ
आयटीआयचं नंतर बघू. सरकार विद्यावेतनातला वाटा देतं म्हणे, तो मला कधी मिळणार?

ताळेबंद
तुमच्या खात्यात येत नाही. नॅप्स या केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारी योजनेत विद्यावेतनाच्या 25 टक्के, महिन्याला जास्तीत जास्त 1500 रुपये, थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतात. तिचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना ते आधी तपासा.

कात्रीवाला
म्हणजे पीएफ पण भरायचा का?

वाटाड्या
नाही. कलम 18 नुसार ती प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. पण कामावर इजा झाली तर कलम 16 प्रमाणे भरपाई मालकाकडेच. लग्नसराईत जादा वेळ थांबवायचं तर ॲप्रेंटिसशिप ॲडव्हायझरची (या कायद्याखालचा सरकारी अधिकारी) परवानगी लागते. रेशीमगाठ, दुरुस्त करारावर सही झाल्याशिवाय सोमवारी तिला कामाला उभी करू नका. कराराविना ती साधी कामगार ठरू शकते, मग किमान वेतन लागेल. सही झाली की 7 दिवसांत पोर्टलवर नोंद करा.

रेशीमगाठ
कमिशनची ओळ काढली. वडील नाहीत, आई गावी असते. मामाची सही चालेल का?

वाटाड्या
आई आहे तर पालक तीच. तिचीच घ्या.